आधी उतरणं, मग उडणं

जूनमध्ये शाळा भरली की नवी मुलं व्हॉलीबॉलच्या मैदानाकडे येतात आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच दिवशी स्मॅश मारायचा असतो. अंडरआर्म, पास, सर्व्हिस यांत मन रमायला वेळ लागतो. नेटच्या वर हात गेला, बॉल पलीकडे खाली आपटला, की मूल त्या क्षणी या खेळाचं होतं. ही ओढ मला फार मोलाची वाटते. ‘आधी बेसिक करा’ म्हणून तिला दटावू नये. पण या ओढीचा फायदा घेऊन गावोगावी जे चालतं, म्हणजे पहिल्या आठवड्यापासून पूर्ण उंचीच्या नेटवर स्मॅशचा मारा, बाकावरून उड्या, खांद्यावर जोडीदार घेऊन बैठका, त्याने मुलं घडत नाहीत. सतराव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारी मुलं मला दर स्पर्धेत दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांवर ही वेळ यायचं काही कारण नव्हतं.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावचा क्रीडाशिक्षक. मुरुमाचं मैदान, दोन लोखंडी खांब, एक नेट, थोडे बॉल. एवढ्या सामानावर दहा ते सतरा वयाच्या मुलामुलींना उडी आणि स्मॅश शिकवताना जे पक्कं झालं ते इथे मांडतो. सगळं वर्णन उजव्या हाताने मारणाऱ्या खेळाडूचं आहे. डावखुऱ्याने पावलं आणि हात उलट करून वाचावं.

१. उडीची पहिली तालीम उतरण्याची

वर जाताना शरीर स्वतःच्या ताकदीने जातं. खाली येताना मात्र सगळं वजन वेगाने पायांवर येतं आणि ते झेलायला गुडघे, घोटे, मांड्या तयार असाव्या लागतात. म्हणून माझ्याकडे नव्या मुलाला पहिले काही दिवस बॉल हातात मिळतो तो पाससाठी, आणि पाय शिकतात ते उतरायला.

व्हरांड्याची एक पायरी पुरते. वीत-दीड वीत उंचीच्या पायरीवरून फक्त पाऊल पुढे टाकून खाली यायचं, दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे आणि कंबर वाकवून जिथे उतरलो तिथेच दोन आकडे मोजेपर्यंत थांबायचं. चवडे आधी, टाचा मागोमाग. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. मी पाठ करून उभा राहतो आणि नुसतं ऐकतो. धप्पकन आवाज आला की पुन्हा. मुलांना हा प्रकार लगेच आवडतो, कारण प्रत्येकाला आपलाच आवाज सर्वांत कमी यावा असं वाटतं.

मुलींच्या बाबतीत इथे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. उतरताना त्यांचे गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि गुडघा आत झुकलेला असताना उतरणं हे त्यामागचं एक मोठं कारण. ‘अगं, गुडघे बाहेर’ एवढं सांगून भागत नाही. गुडघ्यांच्या वर मांड्यांभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी सैलसर बांधून ती बाहेर ताणत बैठका काढायला लावल्या, की कुठला स्नायू वापरायचा ते तिचं तिला कळतं.

स्मॅश मारून उतरताना आणखी एक गोष्ट होते. उजव्या हाताचा खेळाडू बहुतेक वेळा एकट्या डाव्या पायावर उतरतो. बॉल डोक्याच्या मागे किंवा डाव्या खांद्यावर गेला की अंग डावीकडे कलतं आणि सगळा भार त्या एका गुडघ्यावर येतो. अशा उड्या वर्षानुवर्षं साठत गेल्या की गुडघ्याच्या वाटीखालची शीर दुखायला लागते. उपाय पायांत कमी आणि बॉलखाली येण्याच्या जागेत जास्त आहे. बॉल उजव्या खांद्यासमोर ठेवला तर दोन्ही पाय आपोआप एकदम टेकतात. म्हणून मुलगा एका पायावर उतरला की मी त्याचा पाय सुधारत बसत नाही. तो बॉलखाली कुठे आला होता ते विचारतो.

२. पावलं शेवटाकडून शिकवावीत

धावत येऊन उडी मारणं हे मुलांना सोपं वाटतं, आणि तिथेच पावलं चुकतात. उजव्या हाताच्या खेळाडूची शेवटची दोन पावलं उजवं-डावं अशी पडली पाहिजेत. उजवं पाऊल लांब आणि जमिनीलगत, टाच आधी टेकणारं. त्याला चिकटूनच डावं, थोडं पुढे, बोटं किंचित आत वळलेली. हे डावं पाऊल ब्रेकचं काम करतं: पुढे जाणारा वेग तिथे अडतो आणि वरच्या दिशेला वळतो. त्याआधीचं डावं पाऊल सावकाश, फक्त दिशा धरण्यापुरतं. तीन पावलांची लय ‘एक… दोन-तीन’ अशी. एक आणि दोनमध्ये श्वास घेण्याइतकी जागा, दोन आणि तीनमध्ये काहीच नाही. पुढे चौथं पाऊल सुरुवातीला जोडता येतं.

शिकवताना मी ही साखळी मागून पुढे जोडतो. पहिल्यांदा दोन्ही पाय शेवटच्या जागी ठेवून जागच्या जागी उडी. मग फक्त शेवटचं डावं पाऊल टाकून उडी. मग उजवं-डावं. मग तिन्ही. जे सगळ्यात महत्त्वाचं ते असं सगळ्यात जास्त वेळा घोटलं जातं. मैदानावर पाणी मारून फक्कीने पावलांचे ठसे काढून ठेवतो. लहान मुलं त्यांवरून रांगेने जातात आणि बाकीची टाळ्यांनी लय धरतात. या टप्प्यात बॉल नाही. बॉल दिसला की डोळे वर जातात आणि पाय वाट्टेल तसे पडतात.

काही मुलांची शेवटची पावलं उलट, म्हणजे डावं-उजवं पडतात, आणि तरी त्यांची उडी चांगली असते. ‘जमतंय ना, मग राहू दे’ असं म्हणणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत. मी राहू देत नाही. उलट्या पावलांनी उजवी कंबर आणि उजवा खांदा आधीच नेटकडे आलेले असतात. मारण्यासाठी मागून फिरवून आणायला काही उरत नाही, आणि सगळा जोर एकट्या खांद्याला काढावा लागतो. बाराव्या वर्षी हे महिन्याभरात सुटतं. अठराव्या वर्षी फार जड जातं.

लांब उडी आणि उंच उडी यांतली गल्लतही इथेच होते. मूल वेगात येतं आणि वर जाण्याऐवजी नेटमध्ये जातं. नेटच्या अलीकडे हातभर अंतरावर जमिनीवर एक दोरी टाकावी आणि उतरताना पाय तिच्या अलीकडेच राहिले पाहिजेत अशी अट घालावी. चार दिवसांत फरक दिसतो.

३. हात वापरले नाहीत तर उडी अर्धवट राहते

हे समजावून सांगू नये, दाखवावं. बोटांना खडूची पूड लावून मुलाला भिंतीशी उभं करायचं. आधी हात उंच करून उभ्याची खूण. मग खालचा हात कमरेवर ठेवून, दुसरा वरच धरून, झोका न घेता उडी आणि खूण. मग दोन्ही हात मागे नेऊन, झोक्याने वर आणत उडी आणि खूण. दोन खुणांमधलं अंतर मूल स्वतः बोटांनी मोजतं. हातांच्या झोक्याने उडीची उंची साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त वाढते हे शास्त्रीय मोजमापांतही दिसलेलं आहे. भिंतीवरची ही चाचणी जुनी आहे. डडली सार्जंट या अमेरिकी शारीरिक शिक्षणतज्ज्ञाने ती १९२१ साली मांडली आणि आजही तिच्यासाठी एक खडू आणि एक भिंत यापलीकडे काही लागत नाही.

झोका नेमका केव्हा? लांब उजवं पाऊल पडतं तेव्हा दोन्ही हात मागे, कोपरं सरळ, जमतील तितके वर. डावं पाऊल टेकताना हात खालून पुढे येतात आणि उडीला घेऊन जातात. मुलं बॉल मारायच्या घाईत उजवा हात आधीच वर धरून धावतात. त्यांना मी दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल देतो आणि उडीच्या टोकाला दोन्ही नेटपलीकडे टाकायला सांगतो. दोन्ही हात खालून वर आल्याशिवाय ते जमत नाही.

४. आधी ताकद, मग उसळी, आणि उड्यांची मोजदाद

बाकावरून खाली उडी टाकून टेकताक्षणी पुन्हा वर उसळण्याचा व्यायाम आता सगळीकडे पोहोचला आहे. तो मूळचा सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांचा. त्यांनी तो मैदानी खेळांतल्या उडी मारणाऱ्या, वर्षानुवर्षं वजनांचा सराव केलेल्या प्रौढ खेळाडूंसाठी बांधला, आणि त्याला ‘शॉक’ पद्धत म्हटलं. शॉक कुणाला द्यायचा हे त्यांना माहीत होतं. तो व्यायाम आठवीतल्या मुलाला गॅलरीच्या पायऱ्यांवरून करायला लावणं मला मान्य नाही. माझ्या मैदानावर तो होत नाही.

मग उसळी कशी वाढवायची? आपल्याकडे त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आधीपासून आहे. बैठका, पण घाईने शंभर नाहीत. मांड्या जमिनीला समांतर येईपर्यंत खाली, सावकाश, पाठ ताठ, दहा-दहाचे दोन-तीन फेरे. पायरीच्या काठावर चवडे ठेवून टाचा खाली-वर. एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवत चालणं. सूर्यनमस्कार, खांदे आणि पाठीसाठी. दोरीवरच्या उड्या, चवड्यांवर, गुडघे जवळजवळ सरळ ठेवून. घोट्याची उसळी यासारखी दुसऱ्या कशानेही येत नाही. आणि लंगडी. एका पायावर वळत, थांबत, पुन्हा निघत पाठलाग करणं हा एका पायाच्या ताकदीचा आणि तोलाचा फार उत्तम व्यायाम आहे, आणि खेळ असल्यामुळे मुलांना करताना कंटाळा येत नाही. दोन्ही पायांवर आलटून पालटून खेळवावी एवढंच. सरावाच्या सुरुवातीला माझ्याकडे लंगडी असतेच.

ज्याला उतरणं जमलं, ज्याच्या वीस बैठका न डगमगता होतात, त्याच्यासाठी खऱ्या उड्या: जागेवरून लांब उडी मारून स्थिर थांबणं, गुडघाभर उंचीच्या दोरीवरून दोन्ही पायांनी उडी, तीन पावलं आणि पूर्ण जोर लावून भिंतीवरच्या खुणेला हात. प्रत्येक उडी ताजी हवी. दोन उड्यांमध्ये पुरता दम खाऊ द्यावा. धापा टाकत मारलेल्या उडीतून दम वाढेल, उंची वाढत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना मी एका दिवशी स्मॅश धरून साठच्या आसपास पूर्ण जोराच्या उड्या देतो, आणि असे दिवस आठवड्यात दोन, मध्ये किमान दोन रात्रींची विश्रांती. बाकीच्या दिवशी पास, सर्व्हिस, बचाव. मोठ्या मुलांना थोड्या जास्त. ही मोजदाद वहीत होते, अंदाजाने नाही. उड्या मोजायचं काम मी दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या मुलाला देतो. तो ते फार मनापासून करतो.

उंच उडी दिसायला लागायला दोन-तीन महिने जातात. भिंतीवरची चाचणी सहा आठवड्यांनी घ्यावी. रोज घेतली तर मुलं रोज निराश होतात.

५. फेकता येणाऱ्याला मारता येतं

चिंचा, आंबे पाडण्यासाठी दगड भिरकावलेली मुलं स्मॅशची हाताची हालचाल चटकन उचलतात. कोपर खांद्याच्या वर, खांदा मागे वळलेला, आधी कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट: फेकण्याचा आणि स्मॅशचा क्रम एकच. म्हणून मी आधी टेनिस बॉल फेकायला लावतो. आधी जमिनीवरून लांब, मग नेटवरून पलीकडच्या कोर्टात खाली आपटेल असा, मग तीन पावलं आणि उडी घेऊन. उडीत फेकता आलं की निम्मा स्मॅश आला.

मुलींना फेकण्याची संधी लहानपणापासून कमी मिळते. त्यांचा हात ‘मुळातच कमजोर’ असतो असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक आहे. महिना-दोन महिने फेकण्याचा जादा सराव मिळालेल्या मुली मुलांच्या बरोबरीने झेप घेताना मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर भिंत. बॉल हाताने मारून भिंतीच्या अलीकडे जमिनीवर आपटायचा, तो भिंतीला लागून वर येतो, पुन्हा मारायचा. पंजा उघडा, बोटं पसरलेली, तळहात बॉलच्या वरच्या-मागच्या भागावर, मनगट त्यावरून वळणारं. यातून बॉलला पुढे गरगर फिरकी मिळते, आणि ही फिरकीच बॉलला कोर्टात खाली खेचते. नेटपलीकडे फक्त ९ मीटर जागा आहे. फिरकीशिवाय जोराने मारलेला बॉल ती ओलांडून जाणारच.

६. खरा प्रश्न वेळेचा

भिंतीवर उत्तम उडी असलेली मुलगी नेटवर मात्र बॉल छातीच्या उंचीवर मारते, असं दर वर्षी दिसतं. ती लवकर उडालेली असते. बॉल वरून खाली येईपर्यंत ती खाली येते. तिची उडी आणखी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, तरी पालक मला विचारतात, ‘सर, उडी वाढायला काही औषध, काही खुराक?’

हवेत थांबता येत नाही. पण उडीच्या टोकाशी शरीर हळू होतं हे खरं आहे, आणि किती हळू होतं हे मोजून सांगता येतं. उडी ५० सेंटिमीटर असेल तर खेळाडू हवेत साधारण ०.६४ सेकंद असतो, आणि त्यातला निम्मा वेळ तो वरच्या चौथ्या हिश्शात, म्हणजे वरच्या साडेबारा सेंटिमीटरमध्ये असतो. तेवढ्या ०.३२ सेकंदात हात बॉलला लागला पाहिजे. केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या पेरावूरचे जिमी जॉर्ज हवेत लटकून राहतात असं त्यांना पाहिलेले लोक सांगत. १९७६ साली अर्जुन पुरस्कार, इटलीच्या क्लबांमधून व्यावसायिक खेळ, १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात स्थान, आणि १९८७ मध्ये इटलीतच मोटार अपघातात मृत्यू. अवघं बत्तीस वर्षांचं आयुष्य. त्यांच्या उडीची गोष्ट मी मुलांना सांगतो ती याच गणितासाठी. उंच उडी, पाठीची कमान, दुमडलेले पाय आणि टोकापर्यंत रोखून धरलेला हात, यांमुळे पाहणाऱ्याला माणूस थांबल्यासारखा दिसतो. निसर्गाचा नियम त्यांनाही तोच होता. वेळ त्यांनी पूर्ण वापरला.

वेळ शिकवायला सगळ्यात चांगला सराव झेलण्याचा. मी बॉल उंच देतो, मूल तीन पावलं घेऊन उडतं आणि दोन्ही हात सरळ ठेवून, कपाळाच्या पुढे, बॉल हवेत झेलतं. कोपर वाकलं किंवा बॉल डोक्याशी आला तर उडी लवकर झाली किंवा पाऊल पुढे पडलं, हे त्याचं त्यालाच समजतं. मारताना चूक झाकली जाते, झेलताना झाकता येत नाही. मग एका हाताने झेल. मग हलक्या हाताने ठोका. पूर्ण जोर सगळ्यात शेवटी.

निघायचं केव्हा, यासाठी नियम एकच सांगतो: बॉल वरच्या टोकाला पोहोचेपर्यंत थांब, तिथून तुझं पहिलं पाऊल. उंच लिफ्टला हा नियम चालतो. मुलांना तो भयंकर कठीण जातो, कारण थांबणं हेच त्यांना कठीण जातं. लिफ्टरच्या हातून बॉल सुटला की मी मोठ्याने ‘बघ… बघ… चल’ म्हणतो. काही दिवसांनी ती स्वतःशी पुटपुटायला लागतात, नंतर तेही थांबतं.

झाडाच्या फांदीला दोरीने टांगलेला बॉल गावोगावी दिसतो. हाताची जागा आणि पावलांची लय बसवायला तो उपयोगी आहे. पण तो बॉल वाट पाहत जागेवर थांबतो, सामन्यातला थांबत नाही. म्हणून टांगलेल्या बॉलवर मी मुलांना फार दिवस ठेवत नाही.

७. नेट खाली आणा

पुरुषांच्या नेटची उंची २.४३ मीटर, महिलांची २.२४. ती वाढ पूर्ण झालेल्या माणसांसाठी ठरवलेली आहे. बारा वर्षांच्या मुलाला त्या नेटसमोर उभं केलं तर तो एकच गोष्ट शिकतो: बॉल खालून वर ढकलायचा. मग कोपर खाली येतं, पाठ मागे कलते, बॉल डोक्यावर घेतला जातो. ही सवय पुढे काढायला वर्षं लागतात.

जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं २ मीटरच्या नेटवर, साधारण २१० ग्रॅमच्या हलक्या बॉलने खेळतात. नेहमीचा बॉल २६० ते २८० ग्रॅमचा असतो. आपल्याकडे हलके बॉल सहज मिळत नाहीत, पण नेट खाली करायला खर्च येत नाही. माझं माप सोपं आहे. मुलाने चांगली उडी मारल्यावर त्याचा पंजा मनगटापर्यंत नेटच्या वर यायला हवा. तेवढ्यावर नेट बांधायचं. निरनिराळ्या उंचीची मुलं असतील तर कपडे वाळत घालायची दोरी तिरपी बांधावी, एका खांबाला खाली, दुसऱ्याला वर. लहान मुलं खालच्या बाजूला, मोठी वरच्या. आठ-दहा आठवड्यांनी पाच सेंटिमीटर वर. स्पर्धेच्या उंचीवर सराव हवाच, पण तो स्पर्धा जवळ आल्यावर.

८. रांग मोडा

वीस मुलांची एक रांग, एकच नेट, एकजण बॉल देणार. प्रत्येकाला कित्येक मिनिटांनी एक स्मॅश. हे दृश्य आपल्या बहुतेक मैदानांवर दिसतं आणि त्यात सरावापेक्षा उभं राहणं जास्त होतं. चार गट करावेत: एक भिंतीशी, एक फेकण्याला, एक पावलांच्या ठशांवर, एक नेटवर. दहा मिनिटांनी अदलाबदल. बॉल कमी असले तरी हे जमतं.

आणि लिफ्टर घडवा. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली अमेरिकेत हा खेळ काढला तेव्हा त्यात स्मॅश नव्हता. उंच बॉल देऊन दुसऱ्याने तो खाली मारण्याची पद्धत १९१६च्या सुमाराला फिलिपिन्समध्ये रुजली. स्मॅश आणि लिफ्ट एकाच वेळी जन्मले, तरी आपण शाळेत स्मॅशर निवडतो आणि उरलेल्यातल्या एखाद्याला लिफ्टर करतो. माझं मत उलट आहे. सर्वांत शांत डोक्याचं मूल लिफ्टर व्हावं.

९. जोर हे एकच शस्त्र नाही

आमच्या भागात शूटिंग व्हॉलीबॉलची मोठी परंपरा आहे आणि ताकदीच्या फटक्याला इथे टाळ्या पडतात. मुलंही सरावात बॉल तीन मीटरच्या रेषेच्या आत आपटण्याची शर्यत लावतात. सामन्यात समोर ब्लॉक असतो आणि तो फटका त्यावरच जातो. बुटक्या मुलाला मी तीन गोष्टी देतो: ब्लॉकच्या बाहेरच्या हाताला घासून बॉल बाहेर काढणं, कोपऱ्यात प्लेसिंग, आणि पूर्ण जोराची तयारी दाखवून शेवटी केलेला ड्रॉप. पावलं आणि झोका तिन्हींत पूर्ण स्मॅशचाच. सरावात पलीकडच्या कोर्टात चार ठिकाणी गोणपाटं टाकावीत आणि मूल हवेत असताना त्यांतल्या एकाचं नाव पुकारावं. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही.

१०. वाढतं शरीर

मुली साधारण अकरा-बाराच्या आसपास आणि मुलं तेरा-चौदाच्या आसपास भराभर उंच होतात. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि शिरा मागून येतात. या काळात उत्तम उडणारं मूल अचानक बेढब धावायला लागतं, त्याची वेळ चुकते, भिंतीवरची खूण वर सरकत नाही. ते आळशी झालेलं नसतं. घरच्यांना आणि मुलाला हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे ते खेळ सोडत नाही. मी दर दोन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहितो. ती झपाट्याने वाढताना दिसली की त्या मुलाच्या उड्या निम्म्या करतो आणि पास, हात, नजर यांचा सराव वाढवतो.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला एक टेंगूळ येतं आणि दाबलं की दुखतं. डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. मांडीचा स्नायू ज्या कोवळ्या हाडाला ओढतो तिथे ही दुखरी जागा तयार होते. टाचेच्या मागच्या बाजूलाही असंच दुखणं येतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं ते थांबतं, पण तोवर दुखण्यावर उड्या मारत राहिलं तर मूल महिनोन् महिने लंगडतं. सिमेंटच्या कोर्टवर हे जास्त होतं. मुरुमाच्या मैदानाला संध्याकाळी पाणी मारून ते मऊ ठेवलं आणि घासलेल्या कॅनव्हासऐवजी जाड तळव्याचे बूट दिले तर पायांवरचा मार कमी होतो.

शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. सराव नुकता लागलेला असतो, जिल्ह्याची तारीख तोंडावर येते, आणि सगळ्यात चांगला उडणारा मुलगा सांगतो, ‘सर, गुडघ्याखाली दुखतंय.’ अशा वेळी गोळी देऊन, पट्टा बांधून त्याला उतरवण्याची गळ आपल्याला घातली जाते: सहकारी घालतात, पालक घालतात, कधी तो मुलगाच घालतो. माझ्या सर्व क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींना हात जोडून सांगणं आहे, त्याला त्या सामन्यात उडवू नका. डॉक्टरांना दाखवा, बाकावर बसवा, उड्यांची वही त्याच्या हातात द्या. चौदा वर्षांखालची स्पर्धा त्याच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही हे खरं, पण सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धा अजून यायच्या आहेत, आणि त्या त्याला याच गुडघ्यांवर खेळायच्या आहेत.